समजून घ्या : खिशात मावणारा ‘ट्यूब’ अ‍ॅम्प्लिफायर घरी बनवता येतो का? त्याचा आवाज खरेच वेगळा असतो?

ऑनलाइन दुकानात ‘ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर’ असे शोधून पाहा. तळहातावर मावतील अशा पेट्या, त्यावर उभ्या दोन काचेच्या नळ्या आणि नळ्यांमधून पाझरणारा केशरी प्रकाश, असे फोटो रांगेने दिसतील. काही स्वस्त मॉडेलमध्ये हा प्रकाश नळीचा नसतोच. नळीच्या बुडाशी बसवलेल्या एलईडीचा असतो. ट्यूब आत असते, पण ती किती काम करते हे फोटोवरून कळत नाही.

दुसरीकडे, अनेक हौशी मंडळी खरोखरचे छोटे ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर घरच्या टेबलावर बनवतात. त्यातल्या नळ्या करंगळीच्या पेराएवढ्या, मुळात कर्णयंत्रांसाठी बनलेल्या आणि तीन साध्या ९ व्होल्ट बॅटऱ्यांवर चालणाऱ्या. गंमत म्हणजे त्या जवळजवळ चमकतच नाहीत.

हा प्रकार नेमका काय आहे, तो बनवतात कसा आणि त्यावर पैसे व वेळ खर्च करावा का?

थोडक्यात...

• कर्णयंत्रातली ‘६४१८’ ही ट्यूब फक्त १.२५ व्होल्ट आणि १० मिलिअँपिअरवर तापते.
• हेडफोनला ऐकण्यापुरता एक मिलिवॉटही भरपूर होतो, म्हणून इतकी छोटी ट्यूब पुरते.
• ट्यूब आवाज ‘शुद्ध’ करत नाही, त्यात थोडी भर घालते. ती भर अनेकांना गोड वाटते.
• या नळ्या आता बनत नाहीत. जुना साठा आहे तोवरच त्या मिळणार.

व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे काय?

साधा पिवळा बल्ब आठवा. तार तापते आणि प्रकाश देते. पण तापलेल्या तारेतून प्रकाशाबरोबर इलेक्ट्रॉनही बाहेर पडतात. बल्बमध्ये आणखी एक धातूची पट्टी ठेवून तिला धन व्होल्टेज दिले, तर हे इलेक्ट्रॉन निर्वात पोकळीतून तिच्याकडे धावतात. एडिसनला हे १८८० च्या दशकात दिसले होते. १९०४ मध्ये जॉन फ्लेमिंग यांनी त्यातून डायोड बनवला.

खरी उडी १९०६ मधली. ली डी फॉरेस्ट यांनी तार आणि पट्टी यांच्यामध्ये तिसरा भाग घातला. तो म्हणजे ग्रिड. ग्रिड हे नळाच्या चावीसारखे काम करते. चावी थोडी फिरवली की पाण्याची मोठी धार कमी-जास्त होते, तसे ग्रिडवरच्या छोट्याशा सिग्नलने प्लेटकडे जाणारा प्रवाह कमी-जास्त होतो. छोट्या सिग्नलचा मोठा सिग्नल झाला, हेच अ‍ॅम्प्लिफिकेशन.

घरातल्या ज्येष्ठांना विचारा. ते याला ‘व्हॉल्व्ह’ म्हणतील. रेडिओ लावल्यावर आवाज यायला थोडा वेळ लागायचा, तो व्हॉल्व्ह तापण्यासाठीच. भारतातही हे व्हॉल्व्ह बनत. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने म्हणजे ‘बेल’ने १९६१ मध्ये रेडिओच्या व्हॉल्व्हचे उत्पादन सुरू केले होते.

ट्यूब इतकी छोटी कशी झाली?

घरातल्या मोठ्या रेडिओला विजेची चिंता नव्हती. पण जिथे वीज पोचली नव्हती तिथे रेडिओ ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटरी पॅकवर चालवावा लागे. त्यामुळे कमी वीज खाणाऱ्या नळ्या लागत.

त्याहून मोठी गरज होती कर्णयंत्राची. माणसाने अंगावर बाळगायचे यंत्र आणि त्यात तापणारी नळी! १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत यासाठी ‘सबमिनिएचर’ म्हणजे अतिलघू ट्यूब तयार होऊ लागल्या. त्यांना पिना नव्हत्या. काचेतून थेट लवचिक तारा बाहेर येत आणि त्या सोल्डर केल्या जात.

मग दुसरे महायुद्ध आले. विमानाजवळ पोचताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्यासाठी त्याच्या टोकात छोटा रेडिओ बसवायचा होता. तोफेतून सुटताना या गोळ्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २० हजार पट जोर येतो. त्यात काचेची नळी टिकवायची! हे जमले आणि ‘प्रॉक्सिमिटी फ्यूज’ दोन कोटींहून अधिक संख्येने बनले. अतिलघू ट्यूब मोठ्या प्रमाणावर बनवण्याचे तंत्र त्यातून पक्के झाले.

डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५२ च्या अखेरीस बाजारात आलेल्या सोनोटोन १०१० या कर्णयंत्रात दोन ट्यूब आणि एक ट्रान्झिस्टर होता. हे संकर रूप लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांत कर्णयंत्रातून ट्यूब हद्दपार झाली. लष्करी आणि इतर कामांसाठी बनलेला साठा मात्र गोदामांत पडून राहिला. आज हौशी लोक वापरतात ती हीच मालमत्ता.

इतक्या कमी विजेवर ती चालते कशी?

इथे आकडेच बोलतात. गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सर्रास दिसणारी १२एएक्स७ ही ट्यूब नुसती तापवायला ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपिअर लागतात, म्हणजे १.८९ वॉट. ६४१८ ला लागतात १.२५ व्होल्टवर १० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१२५ वॉट. फरक सुमारे १५० पटींचा.

कारण रचनेत आहे. मोठ्या ट्यूबमध्ये हीटर वेगळा आणि इलेक्ट्रॉन सोडणारा भाग वेगळा असतो. हीटरने आधी तो भाग तापवायचा, मग काम सुरू. ६४१८ मध्ये केसासारखी बारीक तार स्वतःच तापते आणि स्वतःच इलेक्ट्रॉन सोडते. तापवायला वस्तुमानच नाही, त्यामुळे स्विच लावला की ती जवळपास लगेच तयार. तिच्यावर खास लेप असतो आणि तो मंद तापमानालाच इलेक्ट्रॉन सोडतो. म्हणूनच ती डोळ्यांना फारशी चमकताना दिसत नाही.

मिलिवॉटमध्ये भागते का?

स्पीकरसाठी नाही. हेडफोनसाठी मात्र नक्की. साधारण इअरफोनची संवेदनशीलता १ मिलिवॉटला १०० डेसिबलच्या आसपास असते. शक्ती दहापट कमी केली की आवाज १० डेसिबलने उतरतो. म्हणजे ०.०१ मिलिवॉटलाही ८० डेसिबल मिळतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाजाची मर्यादा आठवड्याला ४० तास आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने कमी होतात. म्हणजे कानासाठी जिथे थांबायचे, तिथे शक्तीचा आकडा मिलिवॉटच्या शंभराव्या भागात असतो. ‘एवढीशी ट्यूब काय करणार?’ याचे उत्तर हेच. कानाला फार लागतच नाही.

मग अडचण कुठे आहे?

ट्यूबला व्होल्टेज जमते, प्रवाह जमत नाही. ६४१८ च्या प्लेटमधून एक मिलिअँपिअरचा अंशच वाहतो. हेडफोन असतो १६ किंवा ३२ ओमचा, त्याला प्रवाह हवा. ट्यूबला थेट हेडफोन जोडला तर जेमतेम कुजबुज ऐकू येईल.

यावर दोन वाटा आहेत.

पहिली, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. तो व्होल्टेज उतरवून प्रवाह वाढवतो. पण १ लाख ओमच्या ट्यूबला ३२ ओमच्या हेडफोनशी जुळवायचे तर वेढ्यांचे प्रमाण सुमारे ५६ : १ हवे. इतका छोटा आणि तरीही खालचे स्वर नीट देणारा ट्रान्सफॉर्मर मिळणे कठीण आणि महाग.

दुसरी वाट संकराची. व्होल्टेज ट्यूबने वाढवायचे आणि प्रवाह ऑप-अ‍ॅम्प आयसीने पुरवायचा. बहुतेक छोटे अ‍ॅम्प्लिफायर असेच असतात. ‘मग ते खरे ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर कसे?’ असे कुणी नाक मुरडले तर त्यांना १९५२ चे ते कर्णयंत्र दाखवावे. बॅटरी वाचवण्यासाठी तेव्हाच्या इंजिनीअरनीही शेवटचे काम ट्रान्झिस्टरकडेच दिले होते.

बनवायचा कसा?

स्टिरिओसाठी प्रत्येक गोष्ट दोनदा, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. मांडणी अशी :

१) फिलामेंट : एक एए सेल, १.५ व्होल्टचा. वरचे ०.२५ व्होल्ट रोधकाने खायचे. ०.२५ भागिले ०.०१ म्हणजे २५ ओम. बाजारात २७ ओमचा सहज मिळतो, तो चालतो. दोन्ही ट्यूबना स्वतंत्र रोधक द्या. दोघींचे मिळून २० मिलिअँपिअर होतात. २००० मिलिअँपिअर-तासांचा सेल सुमारे १०० तास जाईल.

२) मुख्य पुरवठा : तीन ९ व्होल्ट बॅटऱ्या एकामागोमाग एक, म्हणजे २७ व्होल्ट. जुनी कर्णयंत्रे २२.५ व्होल्टच्या बॅटरीवर चालत, त्यामुळे ट्यूबसाठी हे नेहमीच्याच टप्प्यातले आहे.

३) ट्यूब : ६४१८ मध्ये स्क्रीन नावाचे जादा ग्रिड असते. ते प्लेटला जोडून टाकले की ती साध्या ट्रायोडसारखी वागते आणि काम सोपे होते. प्लेट आणि २७ व्होल्ट यांच्यामध्ये १०० किलोओमचा रोधक. ग्रिडपासून फिलामेंटच्या ऋण टोकापर्यंत १ मेगाओम किंवा जास्त.

४) आवाजाचे बटण : ट्यूबच्या आधी ५० किलोओमचा दुहेरी लॉग पॉट. त्यातून सिग्नल छोट्या कपॅसिटरमार्गे ग्रिडकडे.

५) बफर : प्लेटवरचा सिग्नल कपॅसिटरमधून ऑप-अ‍ॅम्पकडे. एनजेएम४५५६ ही दुहेरी आयसी ७० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देते, म्हणून हेडफोनसाठी सोयीची. तिला अर्ध्या पुरवठ्यावर म्हणजे साडेतेरा व्होल्टच्या आसपास तोलून ठेवायचे.

६) बाहेर पडताना : २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ३२ ओमच्या हेडफोनबरोबर तो २३ हर्ट्झच्या आसपासपर्यंतचे खालचे स्वर जाऊ देतो. आउटपुटवर १० किलोओमचा रोधक, म्हणजे कपॅसिटर आधीच भरून राहतो.

सगळे जोडल्यावर हेडफोन लावण्याआधी मल्टिमीटरने प्लेटवरचे व्होल्टेज मोजा. ते पुरवठ्याच्या जवळपास अर्धे असले तर ट्यूब काम करते आहे. पूर्ण २७ दिसले तर ट्यूबमधून प्रवाहच जात नाही.

ट्यूबच्या एका कडेला लाल ठिपका असतो आणि तारांची मोजणी तिथून सुरू होते. तरीही डेटाशीट समोर ठेवूनच जोडा. माझी पहिली ट्यूब मी याच घाईत घालवली. फिलामेंटच्या तारेला १.५ ऐवजी ९ व्होल्ट लागले. आवाज नाही, धूर नाही, काहीच नाही. फक्त मल्टिमीटरने तार तुटल्याचे सांगितले. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत ट्यूबच्या वाट्याला पुस्तकातला एक परिच्छेद आला होता, तो असा महागात समजला.

आणखी एक, तारा काचेच्या अगदी मुळाशी वाकवू नका. काच तडकली की आत हवा शिरते आणि ट्यूब संपते.

टकटक केली की घंटा का वाजते?

पहिल्यांदा अ‍ॅम्प्लिफायर सुरू करणारा प्रत्येक जण इथे दचकतो. डबीला बोट लागले की कानात ‘टिंग’ असा आवाज घुमतो. कारण ती केसासारखी तार ताणलेली असते. धक्का बसला की ती तंबोऱ्याच्या तारेसारखी थरथरते. ग्रिड आणि तार यांच्यातले अंतर बदलते, प्रवाह बदलतो आणि तो आवाज बनून बाहेर येतो. याला मायक्रोफोनिक्स म्हणतात.

उपाय साधा आहे. ट्यूब बोर्डावर घट्ट बसवायची नाही. फोमच्या तुकड्यात गुंडाळायची आणि बारीक, लवचिक वायरींनी जोडायची. अनेक जण जास्त ट्यूब मागवतात आणि त्यातल्या शांत दोन निवडतात.

ग्रिडकडची बाजू उच्च रोधाची असल्याने ती बाहेरचे सिग्नलही पकडते. टू-जी नेटवर्कवरचा मोबाइल जवळ ठेवला तर ‘टर्र टर्र’ ऐकू येते. त्यामुळे डबी धातूची घ्या आणि ती सर्किटच्या ग्राउंडला जोडा. बॅटरीवर चालत असल्याने ५० हर्ट्झची घरघर मात्र इथे मुळातच कमी.

फोनला ३.५ मिमीचे छिद्र नसेल तर यूएसबी-सी डोंगल लागेल. डिजिटल गाण्याचे अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर तिथे होते, अ‍ॅम्प्लिफायरचे काम त्यानंतरचे.

आवाज खरेच वेगळा असतो का?

हो, पण ‘जास्त शुद्ध’ या अर्थाने नाही. मोजमापात साधी ऑप-अ‍ॅम्प आयसी ट्यूबला सहज मागे टाकते. ट्यूब मूळ सिग्नलमध्ये नसलेल्या गोष्टी त्यात घालते. प्रश्न आहे ती काय घालते.

समजा सा २४० हर्ट्झचा आहे. साधा ट्रायोड त्यात मुख्यतः दुप्पट कंप्रता मिसळतो, म्हणजे ४८० हर्ट्झ. हा झाला तार सप्तकाचा सा. तिप्पट म्हणजे ७२०, तो तार पंचम. पाचपट म्हणजे १२००, हा गंधार. नीट जुळलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो याच नात्यातला. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी लावतात तेव्हा तारेच्या आवाजात असे वरचे स्वर खुलवण्याचेच काम करतात. मूळ स्वराशी नाते असलेली भर कानाला चूक वाटत नाही, भरदारपणा वाटते.

पण याची दुसरी बाजू जाहिरातीत सापडत नाही. एकच आवाज किंवा एकच वाद्य असेल तोवर हे गोड वाटते. अनेक वाद्ये एकत्र आली की ट्यूब त्यांच्या कंप्रतांची बेरीज-वजाबाकीही करते. त्यातून निघालेले स्वर कुणाशीच नाते सांगत नाहीत आणि गाणे गढूळ होते. एकट्या सतारीला खुलवणारा अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या वाद्यवृंदात फिका पडू शकतो.

शिवाय कान फसतो. थोडा मोठा आवाज नेहमी ‘चांगला’ वाटतो. त्यामुळे तुलना करताना दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरचे आवाज मल्टिमीटरने सारखे करा. कुठला चालू आहे हे मित्राला ठरवू द्या आणि तुम्ही न बघता ऐका. तरीही फरक कळला आणि आवडला, तर तो फरक तुमचा.

खोटी चमक ओळखायची कशी?

• प्रकाश नळीच्या बुडातून वर येत असेल, नळीच्या मधल्या धातूच्या रचनेतून येत नसेल, तर तो एलईडीचा.
• स्विच लावताक्षणी मोठ्या ट्यूबमध्ये पूर्ण उजेड आला, तर शंका घ्या. हीटरला तापायला वेळ लागतो.
• नळीच्या आत काचेवर आरशासारखा चंदेरी डाग दिसतो. तो उरलीसुरली हवा शोषणाऱ्या ‘गेटर’चा. डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, ट्यूब निकामी.
• विक्रेत्याला प्लेट व्होल्टेज विचारा. उत्तर आले नाही तर तेच उत्तर समजा.

एलईडी असणे म्हणजे फसवणूकच असे नाही. पण पैसे आवाजासाठी देता की उजेडासाठी, हे माहीत असावे.

भाग मिळतात कुठे? ट्यूब संपल्या तर?

रोधक, कपॅसिटर, पॉट, आयसी हे सगळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत मिळते. ६४१८ मात्र बहुधा परदेशी जुन्या साठ्यातून ऑनलाइन मागवावी लागते. त्यावर टपालखर्च आणि सीमाशुल्क धरा. जुन्या बाजारात व्हॉल्व्हचे रेडिओ दिसतात, पण त्यातले बहुतेक व्हॉल्व्ह मोठे आणि जास्त व्होल्टेजचे. चालू रेडिओ फोडून ते काढू नका.

मोठ्या ट्यूब आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाच्या निर्यातबंदीमुळे गिटारवादकांमध्ये टंचाईची धास्ती पसरली होती, ती याच ट्यूबची. कर्णयंत्राच्या नळ्यांना तर असा कारखानाही उरलेला नाही.

नवा पर्याय जपानमधून आला. २०१५ मध्ये कॉर्ग कंपनीने नोरिताके इट्रॉनबरोबर ‘न्यूट्यूब ६पी१’ जाहीर केली. जुन्या डेक आणि मायक्रोवेव्हवरचे निळसर-हिरवे आकडे ज्या तंत्राने दिसतात, त्याच तंत्राने बनलेली ही चपटी ट्यूब. ती नेहमीच्या ट्यूबच्या दोन टक्क्यांहून कमी वीज घेते आणि सलग ३० हजार तास चालते, असे कंपनी सांगते. तिची निळसर चमक मात्र खरी असते. अर्थात टकटक केल्यावर तीही वाजते.

धोका किती?

मोठ्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २५० ते ४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते टिकून राहतात. नवख्या माणसाने त्यापासून दूरच राहावे. २७ व्होल्टचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर यासाठीच शिकायला उत्तम. चूक झाली तर ट्यूब जाते, माणूस नाही.

पण बेफिकीर राहू नका. बफर २० मिलिवॉट देऊ शकला तर १०० डेसिबल संवेदनशीलतेच्या इअरफोनमध्ये आवाज ११३ डेसिबलपर्यंत जातो. म्हणून आधी अ‍ॅम्प्लिफायर सुरू करा, आवाज शून्यावर आणा, काही सेकंद थांबा आणि मगच इअरफोन लावा. नाहीतर स्विच लावतानाचा ‘धप्प’ थेट कानात जातो.

करून पाहावा का?

फक्त चांगला आवाज हवा असेल तर नको. तेच पैसे चांगल्या हेडफोनवर घाला, फरक जास्त पडेल. फोनचा आवाज कमी पडत असेल तर साधा आयसीवाला अ‍ॅम्प्लिफायर स्वस्त आणि शुद्ध.

पण सोल्डरिंग येत असेल, मल्टिमीटर घरात असेल आणि आवाज विजेतून कसा घडतो हे हाताने समजून घ्यायचे असेल, तर दोन-तीन रविवार यात छान जातात. पहिल्यांदा एकच चॅनल ब्रेडबोर्डवर उभा करा, प्लेटवरचे व्होल्टेज मोजा, मग दुसऱ्याकडे वळा. आणि ट्यूब जोडण्याआधी फिलामेंटच्या दोन टोकांवरचे व्होल्टेज पुन्हा एकदा तपासा. ही नळी गेली तर तशी नवी आता कुणी बनवत नाही.